सरांचे कान

सरांना कमी ऐकू येतं हे मला एका क्रियापदामुळे कळलं.

तेव्हा मी त्यांच्या ठाकुर्लीच्या फ्रेंच क्लासात लहान मुलांच्या बॅचला मदत करायला जायचे. पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक. बाहेरच्या खोलीत क्लास, आतल्या खोलीत सर आणि काकूंचा संसार. एक मुलगी उभी राहून 'संपवणे' हे क्रियापद म्हणून दाखवत होती. फ्रेंचमध्ये 'तो संपवतो' म्हणायचं तर 'फि-नि', आणि 'ते संपवतात' म्हणायचं तर 'फि-निस'. दोन्हींत तुकडे दोनच, फरक फक्त शेवटच्या 'स'चा. ती मुलगी दोन्ही वेळा 'फि-नि'च म्हणाली. सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

"छान," ते म्हणाले. "पुढचं."

मी दचकले. ह्याच 'स'साठी सरांनी मला एके काळी अर्धा तास उभं ठेवलेलं. मी त्या मुलीला हळूच म्हटलं, "अगं, 'फि-निस'. परत म्हण." सर वळले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि म्हणाले, "हो, तेच सांगतोय मी." क्लास सुटल्यावर ते फळा पुसत राहिले. फळा कधीच स्वच्छ झाला होता.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा माझी खुर्ची त्यांच्या टेबलाजवळ आणून ठेवलेली होती. मग आपोआप एक पद्धत पडली. मुलाचं उत्तर चुकलं की मी हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायचे. बरोबर असलं की हातातच धरायचे. सर पेन्सिलकडे बघून "पुन्हा म्हण" किंवा "छान" म्हणायचे. मुलांना वाटायचं, सरांचं लक्ष दुसरीकडे असलं तरी कान किती तिखट आहेत.

सरांकडे मी पहिल्यांदा गेले ती एकोणीस वर्षांची असताना, कल्याणहून. ज्युनियर कॉलेजला मी फ्रेंच घेतलेलं ते मार्क पडतात म्हणून. दोन वर्षांत लिहायला शिकले, बोलायला एक वाक्य येत नव्हतं. पहिल्याच दिवशी सरांनी मला 'ते बोलतात' म्हणायला सांगितलं. मी वहीत दिसत होतं तेवढं सगळं वाचलं, शेवटची तीन अक्षरंसुद्धा.

"तू मराठीत 'करतात' कसं म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"करतात."

"लिहिताना अक्षरं किती?"

"चार."

"आणि बोलताना क-र-ता-त असं म्हणतेस का?"

मी मनात म्हणून बघितलं. कर-तात. दोनच तुकडे.

"मग फ्रेंच माणसाकडून कशाला अपेक्षा करतेस की लिहिलेलं सगळं तो म्हणेल?" सर म्हणाले. "तो 'पार्ल' म्हणतो आणि थांबतो. उरलेलं कागदापुरतं. आधी तुकडे मोज, मग शेवटच्या ऐकू येणाऱ्या तुकड्यावर जोर दे. सबंध वाक्य असेल तर जोर वाक्याच्या शेवटाला सरकतो. एवढं जमलं तर तुझं अर्धं काम झालं."

दोन वर्षं मानेवर जोखड ठेवल्यासारखी शिकवलेली भाषा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडात सैल झाली. घरी जाताना मी शेअर रिक्षात बसून पुटपुटत होते, आणि शेजारची बाई जरा सरकून बसलेली मला आठवते.

सर कुठल्या कॉलेजात शिकलेले नव्हते. ते डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोरमन होते. कारखान्याने फ्रान्सहून मशिनं मागवली आणि ती चालवायला शिकायला म्हणून सरांना दीड वर्ष तिकडे पाठवलं. एका लहानशा गावात, एका म्हाताऱ्या घरमालकीणबाईंच्या माडीवर ते राहिले. येताना मशिनं आली आणि सरांबरोबर भाषा आली. पुढची वीस वर्षं ते त्याच मशिनांशेजारी उभे होते. "मशिनाने मला फ्रेंच दिलं," असं ते वर्गात अभिमानाने सांगायचे. त्याच मशिनाच्या आवाजाने कान नेले हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मला काकूंनी सांगितलं, मेथी निवडता निवडता, आवाज न बदलता.

"कानाचं मशीन का नाही लावत?" मी विचारलं.

"नको म्हणतात. मुलांना दिसेल. उच्चार शिकवणारा माणूस आणि कानात मशीन." काकूंनी देठं बाजूला केली. "तू आहेस तोवर चाललंय."

मधल्या काळात मी ठाण्याला एका भाषांतराच्या कंपनीत नोकरी केली. मशिनांची माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या, असलं काम. लग्न झालं, डोंबिवलीला आले, मग आईचं आजारपण निघालं आणि नोकरी सोडली. दिवसभर घरात बसून तोंड बंद पडल्यासारखं व्हायचं, म्हणून परत सरांकडे जायला लागले. सरांनी पगाराचं विचारलेलं, मी नको म्हटलेलं. मला कुणीतरी फ्रेंचमध्ये "कशी आहेस" विचारावं एवढंच हवं होतं.

पुस्तकाची कल्पना सरांची. मराठी मुलांसाठी क्रियापदांचं पुस्तक. प्रत्येक रूप देवनागरीत लिहायचं, तुकडे पाडून दाखवायचे आणि ज्या तुकड्यावर जोर येतो त्याच्या खाली लाल रेघ. "असं पुस्तक मला तरुणपणी मिळालं असतं तर मी सहा महिने मुक्यासारखा राहिलो नसतो," ते म्हणाले. दोनशे क्रियापदं निवडली. एकेकाची पन्नास-साठ रूपं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी जायचे. तीन वर्षं हे चाललं.

काम कसं चालायचं ते सांगते. माझ्या लॅपटॉपवर फ्रेंच माणसांच्या आवाजातली रेकॉर्डिंगं असायची. हेडफोन माझ्या कानात. मी एकेक रूप ऐकायचे आणि सरांच्या समोर तोंड धरून सावकाश म्हणायचे. ओठांवरून त्यांना बहुतेक कळायचं, पण जोर ओठांवर दिसत नाही. म्हणून ते टेबलावर तळवा पसरून ठेवायचे आणि मी बोटाने टेबलावर ठोकायचे. जितके तुकडे तितके ठोके, जोराच्या तुकड्याला जोराचा ठोका. 'आपण येऊ' म्हणजे 'व्यें-द्रों'. एक हलका, एक भारी. सर डोळे मिटून घ्यायचे आणि लाकडातून त्यांना जे यायचं ते वहीत उतरवायचे.

मी सगळं केलं असं मी म्हणणार नाही. कुठलं रूप कधी बदलतं, कुठलं अक्षर लिहिताना दुप्पट होतं, मराठी मूल नेमकं कुठे अडखळेल, हे सरांना पाठ होतं. व्याकरण त्यांचं होतं. कान माझे होते.

काकू चहा द्यायच्या आणि बाहेरचं दार लावून घ्यायच्या, जिन्यातून कुणाला ठोके ऐकू जाऊ नयेत म्हणून. आम्ही तिघं जणू काही वाईट उद्योग करत होतो. एकदा काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझ्यावाचून ह्यांचं काय झालं असतं गं." सरांचं लक्ष वहीत होतं, पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. त्यांनी विचारलं, "काय म्हणतेय ही?" मी सांगितलं नाही. मग त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, त्याच्याखाली माझं. "हे पुस्तक आपल्या दोघांचं," ते म्हणाले. "आवरणावर दोन नावं असतील." मी मागितलेलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले.

त्या तीन वर्षांतली एक दुपार मला नीट आठवते, कारण पुढे तीच माझ्यापासून काढून घेतली गेली.

फ्रेंचमध्ये 'ल' हा एक छोटा शब्द आहे, 'ते' किंवा 'त्याला' अशा अर्थाचा. त्यातला स्वर इतका पुसट की एरवी तो गिळलाच जातो. त्याच्यावर जोर येतच नाही, असं सरांनी आम्हाला कायम शिकवलेलं. आम्ही आज्ञार्थाला पोचलो होतो. 'ते घे' म्हणजे 'प्रां-ल'. सरांनी वहीत लिहिलं आणि 'प्रां'खाली लाल रेघ मारली.

"सर, जोर 'ल'वर आहे," मी म्हटलं.

"शक्य नाही. तो स्वर मुका आहे."

"पण मला ऐकू येतंय."

"पुन्हा ऐक."

मी पुन्हा ऐकलं. मग दुसऱ्या बाईचा आवाज लावला, मग एका पुरुषाचा, मग एका लहान पोराचा. दहा-बारा वेळा तरी ऐकलं असेल. दर वेळी जोर 'ल'वरच. मी टेबलावर ठोकलं. हलका, भारी. सरांनी हात काढून घेतला.

"तुझ्या कानाला मराठीची सवय आहे," ते म्हणाले. "मला शिकवू नकोस." आणि उठून आत जाऊन पडले. मी वही मिटून घरी आले.

शुक्रवारी गेले तर सर दारातच उभे होते. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "काल पहाटे आठवलं. आमच्या घरमालकीणबाई सकाळी पाव कापून माझ्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, 'प्रां-ल'. शेवटी असा झटका द्यायच्या. मी त्याला घाबरायचो. विसरूनच गेलो होतो बघ." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतः जुनी रेघ खोडली आणि 'ल'खाली नवी मारली. मला इतका आनंद झालेला की मी काकूंच्या हातचे दोन कप चहा प्यायले.

पुस्तक पुरं झाल्यावर सगळं कॉम्प्युटरवर मीच उतरवलं. प्रत्येक रेघ लाल करायची, दर दोन तुकड्यांमध्ये आडवी रेघ द्यायची, डोळे दुखून यायचे. ठाण्याला नौपाड्यातल्या एका लहान प्रकाशकाने पुस्तक घेतलं. सर पेनड्राइव्ह घेऊन एकटेच गेले. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाले, "आईंचं बघ तू. मी करतो." नंतर मी दोन-तीनदा विचारलं, प्रुफं आली का. "येतील," ते म्हणायचे. त्या दिवसांत काकू आमच्यात बसायच्या बंद झाल्या. चहा ठेवायच्या आणि आत जायच्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

प्रकाशनाचा कार्यक्रम डोंबिवलीतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये होता, रविवारी सकाळी. नवऱ्याला ड्युटी होती, म्हणून मी आईला घेऊन गेले. आईने ठेवणीतली हिरवी साडी काढलेली. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच अशी कार्यक्रमाला निघाली होती. दारापाशी टेबलावर पुस्तकांची चळत होती. मी एक उचललं. आवरणावर एकच नाव होतं.

मला वाटलं, दुसरं आत असेल. आतल्या पानावर बघितलं. तिथेही एकच. मग मागचं आवरण, मग पुस्तकाचा कणा, मग परत पुढचं पान. पर्समध्ये किल्ली सापडत नाही तेव्हा आपण तोच तोच कप्पा तीनदा बघतो तसं मी बघत होते. प्रस्तावनेच्या शेवटी आभार होते. प्रकाशक, मुखपृष्ठ करणारे, छापखाना, काकू, आणि शेवटी माझं नाव. 'टंकलेखनाचे किचकट काम चिकाटीने केल्याबद्दल.'

"कुठे आहे तुझं नाव?" आईने विचारलं. तिला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"आत आहे," मी म्हटलं. "टंकलेखनासाठी."

सर भाषणाला उभे राहिले. पांढरा झब्बा, काकूंनी इस्त्री केलेला. ते फार चांगलं बोलले. मशिनाची गोष्ट सांगितली, 'करतात'ची सांगितली, लोक हसले. मग म्हणाले, "ह्या पुस्तकातलं एकेक रूप मी ह्या दोन कानांनी ऐकून तपासलेलं आहे." आणि दोन्ही हात कानांना लावले. पुढे त्यांनी 'ल'ची गोष्ट सांगितली. एके दुपारी आपण रेकॉर्डिंग लावून बसलो होतो, नियम एक सांगत होता आणि कान दुसरं, आपण दहा-बारा वेळा ऐकलं, बाईचा आवाज, पुरुषाचा, लहान पोराचा, आणि मग घरमालकीणबाई आठवल्या. सगळं जसंच्या तसं होतं. फक्त हेडफोन त्यांच्या कानात होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या, मग माझ्याकडे बघून थांबली.

नंतर श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं. मागून एका गृहस्थांनी विचारलं की हे पुस्तक शाळेतल्या मुलांनाही चालेल का, की कॉलेजच्याच. सरांना एक शब्द कळला नव्हता. मला ते लगेच कळलं, कारण त्यांचा चेहरा तसा हसरा आणि रिकामा झाला. त्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी तिसऱ्या रांगेत होते. आणि मी, आवाज न काढता, फक्त ओठ हलवून तो प्रश्न पुन्हा म्हटला. सरांनी वाचला आणि झकास उत्तर दिलं.

ते मी का केलं हे मला अजून सांगता येत नाही. राग आलेला होता. तरी ओठ हलले.

रिक्षा घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "तो प्रश्न तू सांगितलास ना त्यांना?"

"हो."

"मग टंकलेखन कसलं," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून उतरली.

मंगळवारी मी नेहमीच्या वेळेला ठाकुर्लीला गेले. काकूंनी दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. सर टेबलाशी बसलेले.

"तुला वाईट वाटलं असणार," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणालेलात दोन नावं."

"प्रकाशक म्हणाले, एकच नाव बरं दिसतं."

"सर, खरं सांगा."

त्यांनी टेबलावरचा टाचण्यांचा डबा इकडचा तिकडे केला. "तुझं नाव घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, उच्चाराच्या पुस्तकाला दुसरं माणूस कशाला लागलं. काय सांगणार होतो मी?"

"आहे ते सांगायचं."

"आणि क्लास? बहिऱ्या माणसाकडे उच्चार शिकायला कोण पाठवेल मुलं?"

"मी कुणाला सांगितलं का? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

"नाही सांगितलंस," ते म्हणाले. "म्हणूनच मला वाटलं, तू समजून घेशील."

हे ते अगदी प्रेमाने म्हणाले. मला तिथे बसवेना. मी त्यांचं गुपित इतकं नीट सांभाळलं होतं की त्यातच माझं नावही पुरून टाकायला त्यांना काही वाटलं नाही. भांडायला गेले तर मला त्यांच्या समोर तोंड धरून सावकाश बोलावं लागलं असतं, शिकवल्यासारखं. मी उठले, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "तुम्ही चोर आहात. माझी दुपार चोरलीत तुम्ही."

काकू आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"काय म्हणाली?" सरांनी त्यांना विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "उशीर होतोय म्हणाली."

मला जिन्यापर्यंत सोडायला काकू आल्या. "प्रुफं मी वाचलेली," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

"मग मला सांगायचं तरी."

"मी त्यांची बायको आहे गं." त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला, मी चपला घातल्या.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की प्रकाशकाला पत्र लिही, तुझ्याकडे फायली आहेत, तारखा आहेत. मी दोनदा लिहायला बसले. पत्रात खरं लिहायचं तर सरांच्या कानांबद्दल लिहावं लागणार होतं, आणि ते लिहायला गेले की मला ते टेबलावर तळवा पसरून डोळे मिटून बसलेले दिसायचे. पत्र झालं नाही. लोक त्याला माझा चांगुलपणा म्हणतील, पण मला तसं वाटत नाही. मला तेव्हा त्यांच्याकडूनच काहीतरी हवं होतं, प्रकाशकाकडून नाही.

मी ठाकुर्लीला जाणं सोडल्यावर काही महिन्यांनी सरांचा मेसेज आला. ठाण्याच्या एका क्लासने त्यांना कार्यशाळेला बोलावलं होतं. 'शनिवारी सकाळी. मुले तोंडी म्हणून दाखवणार आहेत. तू पुढच्या रांगेत बसलीस तर बरे होईल.' एवढंच. मी उत्तर टाइप केलं, 'टंकलेखन असेल तर कळवा', आणि पुसून टाकलं. काहीच पाठवलं नाही. शनिवारी सकाळी मी आईला घेऊन कल्याणला मावशीकडे गेले. अकराच्या सुमाराला मावशी काहीतरी विचारत होती आणि मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

कार्यशाळेत काय झालं ते मला ठाकुर्लीच्या क्लासातल्या एका मुलीच्या आईकडून कळलं, त्या मुलीचा भाऊ तिथे होता. पहिली दोन-तीन मुलं नीट म्हणाली. मग एका मुलाच्या लक्षात आलं की सर सगळ्यांनाच "छान" म्हणतायत. त्याने उभं राहून क्रियापदाच्या जागी 'बटाटा, बटाटा' म्हटलं, फ्रेंचसारखा शेवटी जोर देऊन. सर म्हणाले, "उत्तम." मग सगळ्याच पोरांनी भाज्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. सर प्रत्येकाला मान डोलवत होते. शेवटी क्लासच्या बाई उठल्या आणि त्यांनी मुलांना गप्प केलं. सरांना तेव्हा कळलं. त्यांनी आपलं पुस्तक उचललं, बाईंना नमस्कार केला आणि निघून गेले.

ऐकताना पहिल्यांदा मला बरं वाटलं. ते मी लपवत नाही. मग रात्री मनात आलं, मी गेले असते तर हे झालं नसतं. आणि मी का जायचं होतं, हाही प्रश्न होताच. ज्यांनी मला फसवलं त्यांच्याबद्दल वाईट वाटून घेण्याचं कामसुद्धा माझ्याच गळ्यात आलं, ह्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

ठाकुर्लीचा क्लास पुढच्या जूनला उघडला नाही. मुलं माझ्याकडे येऊ लागली, आधी चार, मग वीस. येताना प्रत्येकाच्या दप्तरात ते पुस्तक. मी त्यातूनच शिकवते. दुसरं इतकं चांगलं पुस्तक मराठीत नाही. एखादं मूल आज्ञार्थाला अडलं की मी पान काढून देते आणि म्हणते, "ही रेघ बघ, 'ल'खाली. म्हण." ते म्हणतं. मी पुढे जाते. एकदा एका मुलीने विचारलं, "ह्या सरांना किती ऐकू येत असेल ना, एवढं बारीक?" मी म्हटलं, "पुढचं रूप म्हण."

गेल्या हिवाळ्यात सर डोंबिवलीच्या भाजीबाजारात भेटले. हातात पिशवी, दोन्ही कानांमागे लहानशी मशिनं. त्यांनीच मला आधी बघितलं.

"कशी आहेस?" त्यांनी विचारलं, फ्रेंचमध्ये.

"बरी आहे," मी मराठीत म्हटलं.

"आता येतं ऐकू," ते म्हणाले. "भाजीवाल्यांचा गोंगाट मात्र सोसवत नाही. तुझा आवाज जरा बसलाय का?"

"शिकवून शिकवून."

आईची चौकशी केली. काकूंच्या गुडघ्याचं सांगितलं. मी पालकाची जुडी हातात धरून उभी होते. माझ्या मनात होतं की आता म्हणतील, ह्याच्यापुढच्या वाक्यात म्हणतील. एक वाक्य पुरलं असतं.

"दुसरी आवृत्ती काढतायत," सर म्हणाले. "तू त्यातूनच शिकवतेस असं ऐकलं. चुका सापडल्या असतील तर कळव."

"चुका नाहीत त्यात," मी म्हटलं.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मलाही तसंच वाटत होतं," ते समाधानाने म्हणाले. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली, "येत जा कधीतरी, ही आठवण काढते," म्हणाले आणि कांद्यांच्या गाडीकडे वळले.

यंदा जूनमध्ये एका मुलाने नवी आवृत्ती आणली. आवरण निळं केलंय, कागद बरा आहे. तास सुरू व्हायच्या आधी मी त्याच्याकडून मागून घेतली आणि पुढची पानं बघितली. प्रस्तावना आता आटोपशीर केली आहे, दीड पानाची. जागेसाठी आभार कमी केलेत. प्रकाशक आहेत, काकू आहेत. टंकलेखन काढून टाकलंय.

मी पुस्तक मुलाला परत दिलं आणि मुलांना पान बारा काढायला सांगितलं.